दुसऱ्या दाराने

पिल्लू आणायला गेलो होतो खरं तर.
व्लाशिचच्या चढाला, त्याच वळणांनी
ज्यांवरून सव्वीस वर्षं बस चालवली
आणि मधे कुठे उतरलो नाही.
माझ्या अकरा मेंढ्यांतल्या दोन लांडग्याने नेल्या होत्या,
तिसरीचा कान.

झुमरेताने पिल्लं दाखवलीच नाहीत.
"पिल्लू राखणीला येईल दोन वर्षांनी.
लांडगा तोवर काय रजेवर जाणार आहे?"
आणि हनुवटीनेच कोपरा दाखवला.

गारावा.
पाच वर्षांची, चार वेतांची.
शेवटची पिल्लं पोट चिरून काढलेली,
डॉक्टर म्हणाला, आता पुरे.
टाक्यांवरचे केस अजून आखूड,
शाळेत पहिल्यांदा घातलेल्या पोराच्या डोक्यासारखे.

"पिल्लांची मी किंमत सांगते," झुमरेता म्हणाली,
"हिच्यासाठी प्रश्न विचारते."
कुंपण किती उंच?
रात्री घरात कोण असतं?
साखळी आहे का तुझ्याकडे?
पितोस?
कुत्र्यावर हात उचललायस कधी?

शेवटच्याला थांबलो.
उचललाय, म्हटलं. एकदा. तिशीत असताना.
"त्याचं नाव आठवतं?"
आठवतं.
"मग ने."

नेणं मात्र सोपं नव्हतं.
गाडीत ती एकदाच बसली होती,
पोट चिरायला नेलं तेव्हा, आणि ते तिच्या लक्षात होतं.
चाळीस किलोंचा नकार, चारही पायांवर उभा.
मांस दाखवून झालं. ढकलून झालं.
मी शीळ घातली तर तिने असं पाहिलं
जसं चुकीच्या घरी आलेलं टपाल.

मग झुमरेता स्वतःच मागच्या सीटवर जाऊन बसली,
डोईचा रुमाल सारखा करत,
बाजाराला निघाल्यासारखी.
गारावा तिच्यामागून चढली,
तिच्या मांडीवर डोकं टेकलं.
आणि झुमरेता दुसऱ्या दाराने उतरली.
दार लावलं. हळू.

दारं मी उभ्या जन्मात लाखो वेळा लावली असतील,
तसा आवाज ऐकला नव्हता.

माझ्या काचेशी वाकून म्हणाली,
"इतक्यात हाक मारू नकोस.
तिचं नाव अजून माझ्या आवाजात आहे."

नऊ दिवस, मी आत गेलो की मगच
तिने भांड्याला तोंड लावलं.
निजायची फाटकाशी, तोंड रस्त्याकडे.
रस्ता कुठे जातो ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.
दहाव्या रात्री बर्फ पडलं.
पहाटे पाहिलं तर तोंड रानाकडे,
पाठीला पाठ लावून कानतुटकी,
दोघींवर मिळून एकच पांढरं पांघरूण.
कुणाला तरी सांगावंसं वाटलं.
मग चुलीत लाकूड सारलं.

एप्रिलात झुमरेता आली.
गारावा भुंकली, म्हणजे अख्खा डोंगर खाकरला.
झुमरेता फाटकाबाहेर उभीच राहिली.
हाक मारू शकली असती.
वारा फिरेपर्यंत थांबली.

फिरला.
गारावा कण्हली, तिच्या चारही वेतांतल्या कुठल्याही पिल्लासारखी,
आणि अशी अंगाने रेलली
की म्हातारी दोन पावलं मागे गेली,
हसली, बाहीने नाक पुसलं.

कॉफी झाली, लांडग्यांच्या गोष्टी झाल्या.
टाके तिने बोटांनी चाचपून पाहिले.
निघताना गाडीचं मागचं दार उघडंच राहिलं.
विसरून की मुद्दाम, मी विचारलं नाही.
गारावा त्या दाराकडे बघत राहिली.

मी पायरीवर बसून होतो.
तिचं नाव आता माझ्याही आवाजात होतं,
जिभेच्या टोकावर आलं होतं.
गिळलं.

वर कुठे तरी कानतुटकी ओरडली, उगाचच,
तिला सवयच आहे.
गारावा वळली आणि चढाला लागली,
घाई नाही, मागे बघणं नाही,
पाळी लागलेला माणूस कामावर जातो तशी.

झुमरेताने दार लावलं.
या खेपेला धाडकन,
गाडीचं दार लावायचं असतं तसं.