डावा बूट

करावे गावाच्या कमानीपाशी माझी पेटी.
गिऱ्हाईक आलं की मी आधी चेहरा बघत नाही,
तळ बघतो.

हा डावा. अकरा नंबर. अंगठ्याशी उसवलेला.
आत बोट फिरवलं तर तीन जातींचे दोरे लागले.
एक मेणाचा, टाका लहान, एकसारखा :
कुणीतरी म्हातारा असणार, घाई नसलेला.
एक चक्क तंगूस.
आणि तिसरा मला ओळखताच येईना.

"किसने किया?"
तो स्टुलावर बसला नाही,
माझ्यासारखाच उकिडवा बसला, एवढा धिप्पाड माणूस,
आणि शिवणीवर बोट ठेवून सांगत गेला
तोडक्यामोडक्या हिंदीत.
मेणाचा फिनलंडचा. तिथे मैदानातला बर्फ
खेळाडूच फावड्याने ओढायचे, मग मॅच.
तंगूस माल्टाची. गोलकीपर कोळी होता,
पहाटे समुद्रावर, संध्याकाळी जाळ्यापुढे.
तिसरा मोल्डोव्हाचा, डॉक्टरच्या पेटीतला.
गुडघ्याला सात टाके घालून दोरा उरला होता.
पगार नव्हता उरला.

अकरा वर्षं, नऊ क्लब.
बाकीचे बूट क्लबांनी दिले आणि क्लबांनीच परत घेतले,
हा जोड तेवढा स्वतःच्या पैशाचा.
एक क्लब आता नाहीच.
मैदानात बटाटे लावलेत म्हणे,
पेनल्टीच्या ठिपक्यावरसुद्धा.

गोल किती मारलेस, मी विचारलं.
म्हणाला, मी मारणारा नाही,
होऊ न देणारा.
न झालेला गोल कोण मोजतो?
मी काही बोललो नाही.
न उसवलेला बूट दाखवायला
माझ्याकडे तरी कोण येतं.

नाव क्वाबेना. घानाचा.
मंगळवारी जन्मला म्हणून क्वाबेना.
मला हसू आलं.
माझा बाप बुध्या, चुलता सोम्या.
आमची नावं वार ठेवायचे,
बाकी लोक नुसतीच नावं ठेवायचे.
तेव्हापासून तो मंगळ्या.
हाक मारली की वळतो.

शनिवारी सानपाड्याच्या टर्फवर
टॉवरमधल्या पोरांना शिकवतो.
रविवारी गावच्या टीमकडून,
मॅचमागे पंधराशे, जिंकलं तर वर कोंबडी.
एकदा मीही गेलो होतो पेटीला कुलूप लावून.
कठड्यावरून पोरं काय काय ओरडत होती,
मला मराठी कळतं म्हणून जास्त लागलं.
त्याने तिकडे पाहिलंच नाही.
संपल्यावर तीच पोरं सेल्फीला आली.
मागे एका गावात केळं फेकलं होतं, म्हणाला,
तेव्हाही असाच हात वर केला होता.

आज घाईत होता.
कुणा एजंटचा फोन आलाय. कोसोव्होत ट्रायल आहे,
तिकीट आपलं आपण काढायचं.
कागदावर त्याचं वय एकोणतीस.
मी चढउतार करताना गुडघा ऐकलाय त्याचा.
मी गुडघ्याला मानतो.

"नब्बे मिनट चलेगा?"
बुटाचं विचारत होता.
चलेगा, म्हटलं,
आणि काळा दोरा दुहेरी घेतला,
आरी जिथे शिरत नव्हती तिथे गुडघ्याने रेटली.
जुने तिन्ही दोरे काढले नाहीत.
काढायला हवे होते खरं तर, काम सफाईचं झालं असतं.
गाठ आत ठेवली, बोटाला लागेल अशी.

साठ झाले. त्याने शंभर दिले.
सुट्टे नव्हते.
राहू दे, म्हणाला, उजव्याला लागतील.
आणि पामबीच रोडकडे निघून गेला,
बूट हातात, पायात रबरी चप्पल,
तिचाही अंगठा गेलेला.

उजवा मी पाहिलाय.
त्याला अजून काही झालेलं नाही.
चाळीस रुपये पेटीत वेगळे ठेवलेत,
खिळ्यांच्या डब्यात.