पेव

अक्काच्या एका निबंधाचा आधार
जगभरात चारशे बारा जणांनी घेतलाय.
ती बोलली नाही. तिचा विद्यार्थी सांगून गेला
आमच्या अडतीत, हळदीच्या पोत्यावर बसून, चहा गार करत.
मी आकडा वहीत टिपून ठेवला
आवक-जावकच्या मधल्या कोऱ्या जागेत.

मगदूम, एस. बी.
असं छापतात तिला. आडनाव आधी, मग दोन अक्षरं.
एस म्हणजे सुव्रता.
बी म्हणजे भूपाल, आमचे अप्पा,
जे चारशे बारा वेळा समुद्रापार जाऊन आले
आणि परवा आरशापुढं थांबून म्हणाले,
"हे गृहस्थ कवापासनं उभे आहेत? चहा द्या की त्यांना."

हरिपूरला आमची तीन पेवं होती.
तोंड माणूस उतरेल एवढं,
आत मात्र बैलजोडी फिरेल एवढी ऐसपैस.
हळद वर्ष वर्ष राहायची. भुंगा नाही, कीड नाही.
पेव उघडलं की अप्पा कुणाला उतरू द्यायचे नाहीत,
दोरीला कंदील बांधून आधी तो सोडायचे.
विझला की म्हणायचे, "थांबा. हवा आली नाही अजून."
सात वर्षांची अक्का काठावर पालथी पडून विचारायची,
हवा नाही तर तिथं राहतं कोण?
"कोण नाही गं."

अप्पांचं एवढं एकच उत्तर तिनं मानलं नाही.

मिरजेच्या कॉलेजात, तळमजल्यावर,
हवा काढून घेतलेल्या बरण्या,
रक्त घातलेल्या आगरच्या ताटल्या,
त्यांवर काळे ठिपके, मोहरीहून बारीक.
हवेत न तगणारे. हिरडीच्या फटीत घर करणारे.
तीस वर्षं ती त्यांच्याच मागावर:
हिरडीतून रक्तात, रक्तातून, कदाचित, मेंदूत.
हे 'कदाचित' तिनं कुणाला खोडू दिलं नाही.
एका कंपनीचा माणूस म्हणाला, तेवढा शब्द काढा, बाकी आमच्यावर सोडा.
ती जेवायलासुद्धा थांबली नाही.

पुराच्या साली कृष्णा पेवांत शिरली.
फुगलेल्या हळदीचा वास आठवडाभर गावावर.
कुठल्या पेवात कुणाचा माल, अप्पांना सांगता येईना.
आम्हाला वाटलं, धक्का बसलाय.

दातांवर बसतं ते किटण;
मेंदूत साचतं त्यालाही ती, माझ्यासाठी, किटणच म्हणते.
मग अप्पांचं खरवडता येईल?
नाही.
तुझ्या औषधानं?
माझं औषध नाही रे. उंदरांवरचं एक निरीक्षण आहे.
मग हे चारशे बारा लोक करतायत काय?
ती चष्मा पुसत राहिली. म्हणाली, कंदील सोडतायत.
मला राग आला. उठून दुकानात गेलो,
एकाला उगाच तोलावरनं बोललो.

आता रोज रात्री मी अप्पांचे दात घासतो.
मऊ ब्रश, दोन मिनिटं, हिरडीच्या कडेनं, तिनं दाखवलं तसं.
याने काय होईल ते तिनं सांगितलेलं नाही, मीही विचारत नाही.
कधी चावतात. कधी ब्रशच धरून ठेवतात लहान पोरासारखा.

रविवारी अक्का आली. कापसाची काडी त्यांच्या हिरडीवरून फिरवली.
"घरचा माणूस, कुठल्या अभ्यासात धरणार नाही हा नमुना,"
म्हणत नळीवर तारीख मात्र घातली.
तेवढ्यात अप्पांनी तिचा हात ओढला,
खांद्यावरचा टॉवेल वर टाकला
आणि खाली बोटं दाबायला लागले:
चार एकत्र, मग दोन, मग अंगठ्याचं पेर.
पन्नास वर्षं असेच सौदे केले त्यांनी, तोंडातनं अक्षर न काढता.

अक्काला हत्ता येत नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं.
भाव कुठल्या सालचा होता देव जाणे,
आज त्या भावात पोतंसुद्धा मिळायचं नाही.
"हो म्हण," मी म्हणालो.
ती हो म्हणाली.
अप्पांनी हात सोडला नाही.
ब्रशवरची पेस्ट वाळत चालली होती.