पालथी चटई

कुरममध्ये, औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर
माझा दिवस पहाटे साडेपाचला फरशीवर उजाडतो.
दारावर पाटी: इथे प्रत्येक देहाचं स्वागत आहे.
तिच्यावर समुद्राची खारट धूळ बसते,
रोज ओल्या फडक्यानं पुसते मी ते ‘प्रत्येक’.
एका तासाची फी, माझा दोन दिवसांचा पगार.

हाजरा मुकादम. मूळची दाभोळची.
हेलन मॅडम मला ‘हॅझ’ म्हणतात
आणि शवासनाला ‘शॅव्हसॅना’.
बरोबर म्हटलं का गं, एकदा विचारलं त्यांनी.
म्हटलं, शव म्हणजे मढं, मॅडम.
त्या हसल्या. संध्याकाळच्या वर्गात
अठराजणी डोळ्यांवर लॅव्हेंडरच्या उशा ठेवून
छान जिवंत पडून राहिल्या.

मग ती जांभळी चटई आली,
गणपती छापलेली, ब्रिजेट बाईंची.
सोंडेवर टाच. पोटावर घाम.
माझा हात आपोआप पुढे गेला,
कुणाला पाय लागल्यावर जातो तसा.
माझा देव नव्हे तो.
पण सावंतांच्या ओटीवर बसून
भाद्रपदात दुर्वांच्या जुड्या बांधल्यात मी,
एकवीस-एकवीस; चुकलं की काकू
सगळी जुडी सोडायला लावायच्या.

तेव्हापासून ती पालथी अंथरायला लागले.
काळं रबर वर.
हे तरी बरोबर का, कोण जाणे,
तोंड फरशीला लावलं होतं मी त्याचं.

माझी मॅट कुणी उलटी घातली?
सगळ्या मांडी घालून बसलेल्या,
मी एकटी उभी, हातात बादली.
सांगितलं: आमच्याकडे पाय लागला
तर हात लावून डोळ्यांना लावतात.
माणसाला लागला तर. पुस्तकाला.
भाताच्या मापालासुद्धा.
कुणी बोललं नाही. एसी तेवढा बोलत राहिला.
कोपऱ्यातल्या शम्सानं, ती इथलीच, सूरची,
आपले पाय हळूच अबायाखाली घेतले.

असरला मी कोठीत नमाज पढते,
गुंडाळलेल्या चटयांच्या मधल्या जागेत.
मॅडम एकदा दारात थबकल्या, खूश होऊन म्हणाल्या,
अगं, हे तर आपलं बालासन!
नाही मॅडम. हे ते नाही.
पुढचं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं.
मराठीतही सांगितलं नसतं.

आता ती चटई भिंतीवर टांगलीय.
खाली विजेचा दिवा, त्यातून लिंबाच्या वासाची वाफ.
ब्रिजेट बाई नवी चटई घेऊन येतात, राखाडी, कोरी,
आणि माझ्याशी बोलत नाहीत.
धूळ मीच पुसते, सोंडेवरून, वरून खाली.
वर्गाला ये, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.
म्हटलं तरी सातची बस सुटेल.

गुरुवारी मॅडमनी विचारलं,
तुझं पूर्ण नाव नीट कसं म्हणायचं?
हाजरा.
तीनदा म्हणून बघितलं त्यांनी,
ओठ गोल करून, मग चपटे करून.
जवळपास, मी म्हटलं,
आणि बादली उचलली.