रुजू

मोडी वाचून देतो मी, पानाला साठ रुपये.
कंपूतल्या घरी, खिडकीशी, भिंग घेऊन.
बहुतेक कागद शांत असतात:
चंदी, चारा, नालबंदी,
कुणाच्या घोडीची पाठ सोललेली.

काल हजेरीपट आला.
भाऊबंदकीचं साल. दोन्हीकडे तोच झेंडा,
दोन्हीकडे तीच आडनावं,
आणि दोन्हीकडचे शिपाई संपत आलेले.

खेत्रोजी बिन सुभानजी, मौजे बरई.
रंग सावळा. डाव्या भुवईवर व्रण.
मिसरूड: रकाना कोरा.
वय ११,
आणि त्यातल्या दुसऱ्या एकाला
नंतर कुणीतरी पोट काढलेलं.
१९.

भिंग पुसून पुन्हा पाहिलं.
मूळ शाई तांबूस, पोट काळं कुळकुळीत.
हात कुठे अडखळलेला नाही.
त्या एका पानावर अशी सहा पोटं आहेत.

उंची: बंदुकीस चार बोटे कमी.
म्हणजे उभं केलं असणार त्याला बंदुकीला टेकवून,
टाचा उचलू नकोस, म्हणाले असणार.
आई मला चौकटीशी उभं करून
पेन्सिलीनं रेघ मारायची, तसं.
दरमहा रुपये तीन, पैकी दोन मातुश्रीस पोचते करावे.
मातुश्रीचं नाव लिहिलेलं नाही.

कारकुनाला शिवी द्यायची होती. तोंडाशी आली आणि थांबली.
माझ्याही दाखल्यावर एक जून आहे.
जनकगंजच्या शाळेत आगलावे मास्तर म्हणाले,
पाच महिने कमी भरतात हो, काय करायचं?
बाबा म्हणाले, भरा की तुम्हीच.
मास्तरांनी पेन झटकलं. फरशीवर निळे ठिपके.
मी आत गेलो, तिसऱ्या रांगेत बसलो,
पोरं म्हणाली, पुढे सरक.

तेवढंच.
मला फक्त पाढे म्हणायचे होते.

दोन पानं पलीकडे, आश्विन वद्य सप्तमी,
खेत्रोजीपुढे दोन शब्द:
कामास आला.
बंदूक जमा. पागोटे गहाळ.
आणि खाली, वळणदार, त्याच काळ्या शाईत:
रुजू.

गिऱ्हाइकाला स्वच्छ प्रत हवी आहे,
खाडाखोड दाखवू नका, असा निरोप आहे.
मी अकरा लिहिलं.
खालच्या पाच जणांचंही खरं वय लिहिलं:
अकरा, अकरा, अकरा, अकरा, अकरा.

सातव्या ओळीतल्या पोराचं
(पोर म्हणावं की नाही)
काही केल्या कळत नाही.
तिथे पाणी लागून
सगळी शाई सारखीच विटली आहे.