रकाना चार

अनेरच्या काठाला, पंपहाऊसच्या मागं
अकरा केव्हीच्या तारेला एक झाड लागलंय.
फांदी तोडायची तर फॉर्म भरावा लागतो.
एक : फीडर. दोन : खांब नंबर.
तीन : तारेपासून अंतर. ते शून्य.
चार : झाडाची जात.

चीक आहे. देठ मोडला की पांढरा,
बोटाला बोट चिकटवणारा.
म्हणजे वडा-पिंपळाच्या भाऊबंदकीतलं कुणीतरी.
पण पारंब्या नाहीत, पानांची सळसळ नाही.
पान म्हणजे कानस,
नखावरून फिरवलं तर नख झिजेल.
आणि समोरासमोर, जोडीजोडीनं,
पंगतीत बसवलेल्या व्याह्यांसारखी.
फळं खोडातूनच फुटलेली, गुडघ्याच्या उंचीपासून,
पानं नसलेल्या लांब दोऱ्यांवर,
काही तर मातीत टेकून पिवळी पडलेली.

सुकलाल म्हणाला, उंबर लिहा साहेब, कोण बघतंय.
उंबर मी ओळखतो.
शिवाय उंबर लिहिलं की
सुकलालच आधी चप्पल काढेल, मग चढणार नाही.

बकऱ्या घेऊन नथ्थूआप्पा आले.
"हाई उंबर नई शे. उंबरनं पान असं खरखरीत नई ऱ्हास."
मग काय आहे?
"ते माले नई माहीत. बकऱ्या पाला खातीस."
आणि फळं?
"फये कोन खास?"

वरच्या पाड्यावरची गिमली मोळी टेकवून थांबली.
तिनं नाव सांगितलं.
शेवटचं अक्षर नाकातून गेलं.
मी तीनदा विचारलं, तिनं तीनदा सांगितलं,
माझ्या देवनागरीत ते बसेना.
खातात? तर म्हणाली,
कोवळी शिजवून. पिकली तर मुंग्यांच्या आधी.
फार नाही.
तिच्या सासूला एकदा ओकाऱ्या झाल्या होत्या,
पण त्या दिवशी ताडीपण होती.

लाइन बंद होती, परमिट हातात, वेळ उरलेला.
पकडीनं एक फळ फोडलं.
आत फुलंच फुलं, तोंड आत करून बसलेली,
आणि त्यांच्यातून केसाएवढ्या माश्या
उजेड लागताच गडबडून बाहेर.
मी फुंकर मारली. बऱ्याच गेल्या.
सुकलालनं घड्याळ बघितलं, म्हणाला,
वहिनींचा नंबर देऊन ठेवा.

गोड नाही. कडू नाही.
भिजलेल्या पुठ्ठ्याची चव,
मागून थोडी खसखस दातात.
ओठ जरा चुणचुणला, तो चिकामुळं असेल.

रात्री काही झालं नाही.
याचा अर्थ ते खाण्यासारखं आहे असा नाही.
एक फळ, पिकलेलं, मंगळवारी, मला :
एवढंच सिद्ध झालं.
बायकोला मी बुधवारी सांगितलं.
ती दोन दिवस बोलली नाही.

रकान्यात मावेना म्हणून मागच्या पानावर लिहिलं,
पान खरखरीत, समोरासमोर,
फळ खोडाला, नाव ऐकलं पण लिहिता येत नाही.
फॉर्म चोपड्याहून परत आला.
शेरा : जात स्पष्ट नमूद करावी.

तोवर फांदी तारेला लागूनच आहे.
वारा सुटला की फीडर ट्रिप होतो,
केळीवरच्या मोटारी एकदम गप्प,
आणि सबस्टेशनचा ऑपरेटर वहीत
कारणाच्या पुढं लिहितो : झाड.
त्याला तेवढं पुरतं.