साका

मार्चअखेरीस येतो नाकाबायाशी.
दोन महिने वाशीच्या हॉटेलात मुक्काम,
सकाळी सव्वासातला तुर्भ्याच्या प्लांटच्या दारात,
बूट पुसलेले, वही काखेत.
मी त्याची दुभाषी. रोजावर.

नौपाड्यातल्या क्लासात शिकले त्याची भाषा,
तेव्हा डोळ्यांसमोर पर्यटकांची बस होती,
हातात झेंडी घेऊन पुढे चालणारी मी,
क्योतोची देवळं, चेरीचा बहर.
वाट्याला आली वाफ.

हापूस आत जातो कोरडा, बाहेर येतो घामेजून.
गराच्या मधोमध सुई, सुईला तार, तारेला आकडा.
आकडा ठरल्या जागी ठरला वेळ थांबला
की नाकाबायाशी मान हलवतो,
आणि आंबा निर्दोष सुटतो.
मग बेबीताई ठाकूर एकेकाला फोमची जाळी चढवते,
बारशाच्या बाळाला झबलं घालावं तशी,
देठाला धक्का न लावता.
एकोणीस हंगाम झाले तिला.
हातात घेतल्या घेतल्या सांगते,
हा उद्याचा, हा परवाचा, हा नुसता दिसायला.

"हे काय?"
चाकूच्या टोकावर पांढुरका, पोकळसा गर.
साका, म्हटलं.
कीड नाही, रोग नाही,
बाहेरून तर काहीच नाही.
त्याच्या भाषेत शब्द सापडेना.
उष्णतेने आतून आलेला दोष, म्हटलं.
त्याने लिहून घेतलं, खाली रेघ मारली.
पाड म्हणजे काय, आढी म्हणजे काय,
तिथंही मी अशीच लांबलचक वाक्यं करत राहिले.
कापलेले आंबे नियमाप्रमाणे पिंपात.
पिंपाजवळून जाताना सगळ्याजणी
श्वास जरा जास्तच आत घेतात.

एका पहाटे त्याला बाजार दाखवायला नेलं.
पेट्यांच्या गल्लीत दोन दलाल,
हातांवर रुमाल, नजर तिसरीकडेच.
"यांना बरं नाही का?"
बोलतायत, म्हटलं.
"काय?"
भाव.
भावाला जपानीत मी एकच अर्थ दिला.
दुसरा द्यायला वेळ नव्हता.

परवा जेवणाच्या सुट्टीत त्याने मोबाइल पुढे केला:
तोक्योतलं मोठं दुकान,
लाकडी डबी, कागदाच्या गवतावर
दोन आंबे, सोनेरी फीत, आणि खाली किंमत.
बायकोने पाठवला, म्हणाला, घेतले मात्र नाहीत.
बेबीताई माझ्या खांद्यावरून वाकली.
"केवढ्याला गो?"

छेडाशेठने पहिल्याच दिवशी बजावलेलं,
चर्चा तापमानाची करायची. भावाची नाही.
नीट दिसत नाही, म्हटलं.
फोटो लख्ख होता.
ती काही बोलली नाही. डबा धुऊन आली.
हात पुसायचा पंचा घेतला,
माझ्या शेजारी बसली, पंचा दोघींच्या हातांवर टाकला
आणि समोरच्या वजनकाट्याकडे बघत राहिली.

बाजारात बाईचा हात रुमालाखाली
मी कधी पाहिलेला नाही.
तिची बोटं चिकाने चरबरीत झालेली.
मी चार दाबली.
"शंभर?"
नाही.
थोडा वेळ वजनकाटाच बघत होतो दोघी.
"हजार."
हो.
"पेटीचं?"
जोडीचं.

पंचा तसाच राहिला. खालचा हात सुटेना.
नाकाबायाशी आपल्या डब्यातला भात
शीत न शीत टिपून खात होता.
मला वाटलं, आता ही हसेल,
किंवा शिवी देईल शेठला,
मला तरी.

"मंग तिथं साका निंगला," ती म्हणाली,
"तं कोनाचे पैशे कापतान?"

मी नाकाबायाशीकडे वळले.
वाक्य तयार होतं, क्रियापदासकट.
भोंगा वाजला.
तिने पंचा झटकला, टोपीत केस कोंबले,
आणि पट्ट्यावरचा पहिला आंबा उचलून
कानाशी धरला.