पीळ

निकोसियात ऑगस्टची रात्र, बाहेर चौतीस अंश,
तळघरातल्या यंत्रांना मात्र अठराची हवा.
पोलिक्सेनी शाल गुंडाळून बसते त्यांच्या शेजारी.

पडद्यावर एकच रेघ.
उणे दोन. उणे दोन. उणे दोन.
अठ्ठेचाळीस घरं लांब, तितकीच रुंद, तितकीच उंच,
आणि काळाच्या दिशेला शहाण्णव:
या जाळीतला एकेक दुवा
फाशांचा कौल घेत नऊ हजारदा बदलून झाला.
सगळं हललं. पीळ हलला नाही.

जाळी विरळ होती तेव्हा बरं होतं.
पीळ फटीतून निसटायचा,
तीन, शून्य, उणे एक, पुन्हा चार.
वीण घट्ट करत खऱ्या अवकाशाच्या जवळ जावं
तर सगळं थिजतं.

ती क्षेत्रावर प्रवाह सोडते, इस्त्री फिरवावी तसा.
गोंगाट विरतो, चुरगळ जाते,
उरतात दोन गाठोडी, धुक्यात बसलेल्या मेंढ्यांसारखी.
उणे एक पूर्णांक सत्त्याण्णव.
उणे दोन.
सुंभ जळाला.

बापाला तिने सांगितलं होतं, समज, बकरी आहे,
कॅरोबच्या झाडाभोवती दोन फेरे घेतलेली.
दोर ताण, सैल कर, फेरे दोनच.
"दीडही घेते बकरी," तो म्हणाला. "तू पाळलीस कधी?"
"आणि दोराची दोन्ही टोकं एकमेकांना बांधली तर?"
"मग बकरी कुठेय?"

ते वाक्य तिच्या डोक्यात आठवडाभर चरत राहिलं.

आज तिने काळाची दोन्ही टोकं सोडून दिली,
शेवटचं घर पहिल्याला जोडायचं नाही.
कडांजवळचे आकडे टाकून द्यावे लागतील. लागू देत.
एवागोरास हसत म्हणाला,
उघडी सीमा, आपल्या शहराला शोभतंय.
ती हसली नाही.
नाका उघडून कित्येक वर्षं झाली,
बाप अजून मोर्फूला गेलेला नाही.
बागेत कोण राहतं, झाडं किती उरली,
सगळं त्याला ठाऊक आहे.

पहाटे चारला फोन. तो जागाच असतो.
"सुटली?"
ती आलेख बघते. उणे एक पूर्णांक सहा.
उणे एक पूर्णांक एक. शून्य पूर्णांक चार.
"सुटली," ती म्हणते,
"पण अजून कडेकडेनेच चरतेय."